चेंडू हातात द्यायचा असेल तरच

डिसेंबर २०२५च्या पहिल्या आठवड्यात लॉस एंजेलिस क्लिपर्सचा बास्केटबॉल संघ अटलांटात मुक्कामाला होता. मध्यरात्र उलटल्यावर क्रिस पॉलने इन्स्टाग्रामवर एका ओळीत सांगून टाकलं की आपल्याला घरी पाठवलं जातंय, हे आत्ताच कळलं. वय ४०, एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगमधला एकविसावा सीझन, लीगच्या इतिहासात जॉन स्टॉकटनखालोखाल सर्वाधिक असिस्ट (सहकाऱ्याला बास्केट करून देणारे पास) नावावर. हा आपला शेवटचा सीझन, असं त्याने जेमतेम दोन आठवड्यांपूर्वी जाहीर केलं होतं. क्लिपर्सचे तेव्हा ५ विजय आणि १६ पराभव झाले होते.

पुढचे कित्येक दिवस वाद चालला तो चूक कोणाची यावर. पॉलचा स्वभाव आधीपासूनच टोचणारा, तो सहकाऱ्यांनाच काय, प्रशिक्षकांनाही सोडत नाही, असं एक बाजू म्हणाली. कोच टायरन लू आणि संघाच्या व्यवस्थापनाने एका दिग्गजाची शोभा केली, असं दुसरी. मला या दोन्हीत फारसा रस नाही. चूक झाली ती जुलैत, करारावर सही झाली तेव्हा. पॉलला आपण नेमकं कशासाठी घेतोय, हे क्लिपर्सने ठरवलंच नव्हतं.

पॉलसारखा वय झालेला पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू हातात घेऊन संघाचं आक्रमण चालवणारा खेळाडू, घ्यावा तो खेळवण्यासाठी. रोज वीस-पंचवीस मिनिटं त्याच्या हातात चेंडू द्यायची तयारी असेल, तर चाळिशीला टेकलेल्या माणसावरही पैसे लावायला हरकत नाही. ती तयारी नसेल, तर तो फुकट मिळत असला तरी घेऊ नये. 'ड्रेसिंग रूममध्ये अनुभव हवा', 'तरुण पोरांना मार्गदर्शन मिळेल' ही दर उन्हाळ्यात ऐकू येणारी कारणं मला अजिबात पटत नाहीत, आणि ती का पटत नाहीत ते सविस्तर सांगितलं पाहिजे. कारण दर वर्षी ३० जूनला फ्री एजन्सी उघडली, करार संपलेले खेळाडू बाजारात आले, की तीच कारणं पुढे करून तसेच करार होतात.

हे करार इतके सहज का होतात, ते पैशांच्या हिशेबात आहे. दहा किंवा त्याहून जास्त वर्षं खेळलेल्या खेळाडूला २०२५-२६मध्ये एका वर्षाच्या किमान करारात सुमारे ३६ लाख डॉलर मिळत होते. पण संघाच्या खात्यावर त्यातले साधारण २३ लाखच धरले जात होते, वरचा फरक लीग भरते. ही सोय मुद्दाम केलेली आहे. ती नसती तर संघांनी जुन्या खेळाडूंना टाळून स्वस्तातली नवी पोरंच घेतली असती. शिवाय त्या सीझनची सॅलरी कॅप (संघाच्या एकूण पगारांची मर्यादा) १५ कोटी ४६ लाख डॉलर, आणि ज्याला 'सेकंड एप्रन' म्हणतात ती वरची रेघ २० कोटी ७८ लाखांची. ती रेघ ओलांडलेल्या संघाला बाहेरून फ्री एजंट आणायचा तर किमान कराराखेरीज हातात काही नसतं. मग ज्याची बँक आधीच भरलेली आहे आणि जो किमान पैशांत यायला तयार आहे, असा मोठ्या नावाचा म्हातारा खेळाडू हेरला जातो. घेऊन टाका, बिघडतं काय, असा एकूण सूर.

बिघडतं बरंच. संघात नियमित करारांच्या जागा पंधराच असतात. त्यातली एक अडकते. ८२ सामन्यांच्या सीझनमध्ये कोणाचा तरी घोटा मुरगळतो, कोणाचा स्नायू ताणतो, आणि जानेवारीच्या एखाद्या मंगळवारी तुमचा तेरावा-चौदावा खेळाडू एकदम बावीस मिनिटं खेळायला उभा राहतो. तेव्हा तिथे पाय असलेला माणूस आहे की नाव असलेला, याने सामना फिरतो.

पण आधी हे सांगायला हवं की म्हातारा पॉइंट गार्ड मैदानावर देतो काय. आपल्याकडे एनबीएचे सामने पहाटे साडेपाचपासून सकाळी नऊ-दहापर्यंत सुरू होतात. नोकरी-शाळा सांभाळून ते पूर्ण बघणारे थोडे, बहुतेक जण लोकलमध्ये किंवा जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर हायलाइट्स बघतात. हायलाइट्समध्ये डंक, म्हणजे वरून बास्केटमध्ये कोंबलेला चेंडू, दिसतो. त्या डंकच्या आधीचे चार सेकंद कापलेले असतात, आणि पॉलसारख्या माणसाचा सगळा संसार त्या चार सेकंदांत आहे.

ते सेकंद असे असतात. उंच सहकारी वर येऊन स्क्रीन लावतो, म्हणजे बचावपटूच्या वाटेत आडवा उभा राहतो. पॉल तिच्या कडेने आत शिरतो, आणि जिथे तरुण गार्ड सुसाट सुटेल नेमका तिथेच तो मंदावतो. मागून धावत आलेला बचावपटू त्याच्या पाठीला येऊन थडकतो. पॉल त्याला तसाच पाठीशी अडकवून ठेवतो, डावीकडून वाट देत नाही की उजवीकडून. आता समोर उरतो तो विरुद्ध संघाचा एकटा सेंटर, म्हणजे बास्केटजवळ राहणारा उंच खेळाडू, आणि त्याला दोन माणसं सांभाळायची असतात: चेंडूवाला पॉल आणि बास्केटकडे झेपावणारा सहकारी. पॉल ड्रिबल चालू ठेवतो आणि थांबतो. सेंटरचं वजन पुढच्या पायावर पडलं की चेंडू वरून बास्केटकडे जातो. तो मागच्या पायावर गेला की पॉल फ्री थ्रोच्या रेषेच्या उजव्या कोपऱ्यावरून उडी मारून शॉट घेतो. निर्णय सेंटरचा, फायदा पॉलचा. यात उंच उडी नाही की तुफान वेग नाही. म्हणून तर हे चाळिशीपर्यंत टिकतं.

दुसरी गोष्ट डोळ्यांची. डिसेंबर २०१९मध्ये पॉलचा तेव्हाचा संघ ओक्लाहोमा सिटी आणि मिनेसोटा यांच्या सामन्यात घड्याळात १.१ सेकंद उरला होता, मिनेसोटा पुढे होतं आणि त्यांचा कार्ल-अँथनी टाउन्स फ्री थ्रो (फाउलबद्दल मिळणारा मोकळा शॉट) मारत होता. मिनेसोटाचा जॉर्डन बेल बदली म्हणून मैदानात आला तो जर्सी चड्डीत न खोचता. पॉलने ते पाहिलं आणि पंचाला दाखवलं. खेळ लांबवल्याची मिनेसोटाची ही दुसरी खेप होती, म्हणून टेक्निकल फाउल झाला. ओक्लाहोमाच्या डॅनिलो गॅलिनारीने त्याबद्दल मिळालेला फ्री थ्रो टाकला. मग स्टीव्हन अॅडम्सने मैदानाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला चेंडू फेकला, डेनिस श्रोडरने तो झेलून आत टाकला, सामना बरोबरीत आला आणि ओक्लाहोमाने जादा वेळेत जिंकला. काहींनी याला चिंधीपणा म्हटलं. मला तो निव्वळ अभ्यास वाटतो. आपल्या संघाचा पराभव जवळपास पक्का असताना प्रतिस्पर्ध्याच्या नावावर आधीची एक ताकीद आहे, हे ज्याच्या डोक्यात असतं, त्याला खेळाचा नियम नि नियम पाठ असतो.

आता हे दोन्ही गुण बाकावर बसून वापरता येत नाहीत, याकडे लक्ष द्या.

सॅन अँटोनिओचं उदाहरण माझ्या मते या प्रश्नावरचं सर्वांत स्वच्छ उदाहरण आहे. २०२३मध्ये त्यांच्याकडे व्हिक्टर वेंबन्यामा आला, पिढीत एखादाच निघतो असा खेळाडू. आणि त्याला चेंडू पुरवायला त्यांनी उभा केला जेरेमी सोहान, जो मूळचा फॉरवर्ड, म्हणजे चेंडू पुरवण्याचं काम नसलेला खेळाडू. प्रयोग धाडसी होता, पण फसला. वेंबन्यामा हात वर करून उभा असायचा आणि पास एक तर उशिरा यायचा, नाही तर यायचाच नाही. संघ सलग १८ सामने हरला, सीझन २२ विजयांवर संपला. २०२४च्या जुलैत त्यांनी ३९ वर्षांच्या पॉलला एका वर्षासाठी घेतलं, एक कोटी डॉलरहून थोड्या जास्त रकमेला, आणि पहिल्या दिवसापासून सुरुवातीच्या पाचांत ठेवलं. तो ८२पैकी ८२ सामन्यांत सुरुवातीपासून खेळला, सरासरी २८ मिनिटं, सात असिस्टहून जास्त. एवढ्या सीझननंतर ८२च्या ८२ सामन्यांत सुरुवात करणारा तो पहिलाच.

विजय ३४ झाले. प्लेऑफ (सीझननंतरच्या बाद फेऱ्या) नाही. म्हणून कोणी म्हणेल, मिळवलं काय? जरा बघा त्या वर्षात काय काय झालं. नोव्हेंबरमध्ये कोच ग्रेग पोपोविच यांना पक्षाघाताचा झटका आला आणि ते परत बाकावर आलेच नाहीत. फेब्रुवारीत वेंबन्यामाच्या खांद्यात रक्ताची गुठळी निघाली, ४६ सामन्यांवर त्याचा सीझन संपला. कोच नाही, मुख्य खेळाडू नाही, अशा संघाचा खेळ विस्कटायला वेळ लागत नाही. तो विस्कटला नाही, आणि त्याच संघात पॉलच्या शेजारी खेळत स्टेफन कॅसल 'रूकी ऑफ द इयर', म्हणजे वर्षातला सर्वोत्तम नवा खेळाडू, झाला. कॅसलही गार्डच. पॉलने त्याची जागा खाल्ली नाही, कारण दोघं एकाच वेळी मैदानात होते. मार्गदर्शन झालंच असेल, तर ते तिथे झालं: चालू सामन्यात, फाउल झाल्यावर मिळणाऱ्या आठ-दहा सेकंदांत.

जुना गार्ड आणला की तरुणाची वाढ खुंटते, या आक्षेपाला ओक्लाहोमाचं २०१९-२० हे त्याहून खणखणीत उत्तर आहे. ह्यूस्टनने रसेल वेस्टब्रुकच्या बदल्यात पॉलला तिकडे पाठवलं तेव्हा त्याच्या चार वर्षांच्या १६ कोटी डॉलरच्या कराराला सगळे धोंड म्हणत होते. ईएसपीएनच्या गणिताने त्या संघाला प्लेऑफची शक्यता दिली होती ०.२ टक्के. तो संघ ४४ सामने जिंकला आणि वेस्टमध्ये, म्हणजे लीगच्या पश्चिम विभागात, पाचवा आला. सामन्याच्या शेवटी पॉल, श्रोडर आणि दुसऱ्याच वर्षात असलेला शे गिल्जस-अलेक्झांडर असे तीन गार्ड एकदम मैदानात असायचे. शे २०२५मध्ये एमव्हीपी (सीझनचा सर्वोत्तम खेळाडू) झाला, ओक्लाहोमा विजेता. त्याचं सगळं श्रेय पॉलला देणं हा वेडेपणा ठरेल. पण पॉलमुळे त्याची वाढ खुंटली, असं तर कोणीच म्हणू शकणार नाही.

उलट बाजूही तितकीच खरी आहे, आणि ती २०१२च्या उन्हाळ्याइतकी स्पष्ट कुठेच दिसत नाही. जेसन किड ३९ वर्षांचा, वर्षभरापूर्वीच डॅलसबरोबर विजेतेपद मिळवलेला. स्टीव्ह नॅश ३८चा. किड न्यूयॉर्कला गेला, वर्षाला तीस लाखांच्या आसपास. नॅश लेकर्सकडे गेला, तीन वर्षांचे दोन कोटी सत्तर लाख, आणि त्याच्यासाठी लेकर्सने फिनिक्सला पहिल्या फेरीचे दोन आणि दुसऱ्या फेरीचे दोन ड्राफ्ट पिक (नवे खेळाडू निवडण्याचे हक्क) दिले.

न्यूयॉर्क ५४ सामने जिंकलं आणि २०००नंतर पहिल्यांदाच प्लेऑफची एक फेरी ओलांडली. पण किडचे पाय वसंतात संपले. प्लेऑफच्या शेवटच्या दहा सामन्यांत त्याला एकही गुण करता आला नाही. तो निवृत्त झाला आणि काही दिवसांतच ब्रुकलिनचा कोच झाला. तरी मी तो करार यशस्वीच मानतो. किंमत छोटी होती, काम ठरलेलं होतं, ते त्याने बऱ्याच अंशी केलं. नॅशचं मात्र दुसऱ्याच सामन्यात, पोर्टलंडमध्ये डेमियन लिलार्डशी टक्कर होऊन पायाचं हाड मोडलं. त्यातून मज्जातंतूंचं दुखणं सुरू झालं ते गेलंच नाही. तीन वर्षांत तो ६५ सामने खेळला. दिलेल्या पिकांपैकी एक लांबत लांबत २०१८पर्यंत गेला आणि त्यावर दहाव्या क्रमांकाला निवडला गेला मिकाल ब्रिजेस. म्हणजे ३८ वर्षांच्या माणसाची किंमत लेकर्स सहा वर्षांनी चुकवत होते. तोच ब्रिजेस २०२१मध्ये फिनिक्सकडून फायनल खेळला, आणि त्या संघाचा पॉइंट गार्ड होता क्रिस पॉल.

नॅशचा पाय मोडेल हे कोणाला ठाऊक असणार, असं म्हणता येईल. पण त्या वयाला काहीतरी मोडेल, हे गृहीत धरायलाच हवं. म्हणून मुदत एक वर्षाची आणि भविष्यातला एकही पिक द्यायचा नाही, एवढी शिस्त मी तरी कधी सोडली नसती. कायल लाउरीच्या बाबतीत मायामीने ती सोडली. वयाच्या ३५व्या वर्षी तीन वर्षांचे साडेआठ कोटी दिले, २०२३च्या फायनलला तो बाकावरून येत होता, आणि जानेवारी २०२४मध्ये टेरी रोझिअरसाठी त्याला शार्लटला पाठवताना वर पहिल्या फेरीचा एक पिक जोडावा लागला.

वयाचा आणखी एक काच आहे, तो प्लेऑफमध्ये आवळतो. सीझनमध्ये प्रतिस्पर्धी दर दोन दिवसांनी बदलतो. प्लेऑफमध्ये तोच संघ सात-सात सामने समोर असतो, आणि तो रोज तुमच्या सर्वांत थकलेल्या बचावपटूला हुडकून त्याच्यावरच हल्ला चढवतो. २०२२मध्ये ६४ सामने जिंकलेलं फिनिक्स डॅलसविरुद्ध २-० पुढे होतं. तिसरा सामना ६ मे रोजी होता, पॉलचा ३७वा वाढदिवस. पहिल्या हाफमध्येच त्याने सात वेळा चेंडू गमावला. तिथून मालिकेने कूस बदलली आणि सातवा सामना फिनिक्स घरच्या मैदानावर ३३ गुणांनी हरलं. तेव्हा ज्यांना मे-जूनमध्ये खेळायचंय त्यांनी म्हाताऱ्या गार्डला ३५ मिनिटं पळवण्याचं स्वप्न बघू नये. मिनेसोटाने माइक कॉन्लीच्या बाबतीत हे नीट ओळखलं. छत्तिशीत तो त्यांचा सुरुवातीचा गार्ड होता, पण रोजचा भार अँथनी एडवर्ड्सच्या खांद्यावर. रूडी गोबेअरला पास कुठे आणि कधी हवा असतो, हे कॉन्लीला युटापासून माहीत होतं. नेमकं तेवढंच काम त्याच्याकडे दिलं. २०२४ आणि २०२५, दोन्ही वर्षं मिनेसोटा वेस्टच्या फायनलमध्ये होतं.

आता उरला तो 'मार्गदर्शक' हा मुद्दा. ज्या कामासाठी मैदानात उतरायचंच नाही, त्या कामाला सहायक कोच ठेवता येतो. त्याला पंधरातली जागा लागत नाही. म्हणतात की पोरं कोचपेक्षा खेळाडूचं जास्त ऐकतात. ऐकतात, पण ती आपल्याबरोबर घाम गाळणाऱ्याचं ऐकतात. आठवड्यात आठ मिनिटं खेळणाऱ्याने बचावातल्या ढिलाईवर बोट ठेवलं, तर दुसऱ्या दिवशीपासून ती कटकट वाटू लागते. मायामीत यूडोनिस हॅस्लेम बेचाळिशीपर्यंत जवळपास न खेळता राहिला आणि त्याचा शब्द चालला, हे खरं. पण हॅस्लेम वीसच्या वीस सीझन त्याच संघात होता. त्याचा अधिकार त्या घरात कमावलेला होता, तो फ्री एजन्सीत विकत मिळत नाही.

पॉल २०११ ते २०१७ क्लिपर्सचाच होता. पण २०२५मध्ये परतला तेव्हा त्या वेळचा एकही सहकारी तिथे नव्हता. तिथे होता ३६ वर्षांचा जेम्स हार्डन, ज्याच्या हातून चेंडू सुटत नाही आणि सुटूही नये, कारण त्या संघाचं आक्रमण त्याच्यावरच उभं होतं. शेजारी कावाय लेनर्ड. त्याच उन्हाळ्यात ३७ वर्षांचा ब्रूक लोपेझ आणि ३२चा ब्रॅडली बील आणलेले. लीगमधल्या सर्वांत वयस्कर संघांपैकी एक, आणि त्यात चाळिशीचा आणखी एक. ज्यांना शिकवायचं ती पोरं होती कुठे? त्यात २०२६चा पहिल्या फेरीचा पिक पॉल जॉर्जच्या व्यवहारात ओक्लाहोमाला गेलेला, म्हणजे हरण्यातही फायदा नाही. या संघाला बाकावरून येऊन धावणारा, अंगावर जाऊन बचाव करणारा तिशीच्या आतला गार्ड हवा होता. त्यांनी घेतला पॉल, सामन्याला सरासरी पंधरा मिनिटंही खेळवला नाही, आणि मग तो बोलतो फार म्हणून तक्रार केली. वीस वर्षं तो बोलतच आलाय. ते ठाऊक नसलेला माणूस एनबीएत शोधून सापडणार नाही.

पॉलचाही यात वाटा आहे. कुटुंब लॉस एंजेलिसमध्ये, मुलं तिथे, शेवटचं वर्ष घरी राहून खेळायचं होतं. या इच्छेला कोणी नावं ठेवू नयेत. तरी हार्डन असलेल्या संघात आपल्याला चेंडू कधी मिळणार, हा प्रश्न त्याने विचारायला हवा होता, आणि क्लिपर्सने त्याचं खरं उत्तर द्यायला हवं होतं: काही रात्री दहा मिनिटं, काही रात्री शून्य. ते ऐकून तो कदाचित दुसरीकडे गेला असता.

दुसरीकडे जागा नव्हती असं नाही. त्याच उन्हाळ्यात मिलवॉकीने दुखापतीने पुढचं वर्षभर बाहेर राहणाऱ्या लिलार्डला मोकळं केलं होतं. डॅलसचा कायरी अर्व्हिंग गुडघ्याच्या शस्त्रक्रियेतून सावरत होता आणि ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकाचा कूपर फ्लॅग त्यांच्या हाती लागला होता. डॅलसने डी'अँजेलो रसेलला घेतलं, पण ऑक्टोबरमध्ये सीझन सुरू झाला तेव्हा पॉइंट गार्ड म्हणून उभा केला १८ वर्षांच्या फ्लॅगलाच, जो सोहानसारखाच मूळचा फॉरवर्ड. सुरुवातीला पोरगा चाचपडला, संघ हरत गेला. त्या संघाचा कोच होता जेसन किड. म्हाताऱ्या पॉइंट गार्डचं मोल आणि त्याची मर्यादा, दोन्ही स्वतःच्या पायांनी अनुभवलेला माणूस. फ्लॅगच्या शेजारी एका वर्षापुरता पॉल हवा, हे त्याला जुलैत सुचायला हवं होतं.